तळघरातले सात मासे

तिसऱ्या मजल्यावरच्या हिंदुस्थानी माणसाने तळघरात साप पाळलाय, अशी बातमी त्रेसष्ट सालच्या फेब्रुवारीत स्टुटगार्टच्या एका चढावरच्या इमारतीत फुटली. फोडणारी बाई दुसऱ्या मजल्यावरची. त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी तिची होती, आणि जिची पाळी तिने झाडू हातात घेऊन प्रत्येक दाराशी दहा-दहा मिनिटं थांबायचं, हा तिथला रिवाज. पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत साप दीड मीटरचा झाला. तळमजल्यावर त्याला फणा आला. कोपऱ्यावरच्या बेकरीत तर तो पुंगीवर डोलतो, हे पावाबरोबर फुकट मिळू लागलं. चार गल्ल्या पलीकडच्या मराठी मंडळींकडे बातमी आली, तेव्हा वसुधावहिनी एवढंच म्हणाल्या, "साप? आत्मारामभावजींनी? अहो, गांडूळ दिसलं तर खुर्चीवर पाय घेऊन बसतील ते."

साप नव्हता. कपडे धुण्याच्या खोलीतल्या जस्ताच्या टबात सात मासे होते. वीतभरही नाहीत, जेमतेम बोटभर. चंदेरी अंगाचे आणि लाल डोळ्यांचे. ते पोसण्यासाठी नव्हते आणि खाण्यासाठीही नव्हते. दुसऱ्या एका मोठ्या माशाने ते गिळावेत, एवढ्याचसाठी त्यांना जिवंत ठेवलं होतं.

आता हा आत्माराम तांडेल कोण, ते सांगायला हवं. अलिबागजवळच्या थळचा. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. ज्याच्या शब्दाशिवाय शीड उघडत नाही, जाळं पडत नाही. आत्मारामचा बाप तांडेल, आजा तांडेल, पणजा तांडेल. आत्माराम आठ वर्षांचा असताना बापाने त्याला पहिल्यांदा होडीत घेतलं. पोरगं बंदर दिसेनासं होण्याच्या आत जे ओकायला लागलं ते परत बंदर दिसेपर्यंत ओकतच राहिलं. बापाने किनाऱ्याला उतरल्या उतरल्या, ओल्या कपड्यांनिशी त्याला शाळेत नेऊन बसवलं. पुढे आत्माराम मॅट्रिकला पहिला आला, मुंबईला इंजिनिअर झाला, शिष्यवृत्ती मिळवून स्टुटगार्टच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत डॉक्टरेटला आला. गावात सत्कार झाला तेव्हा भाषणात सगळ्यांनी गुरुजींचं नाव घेतलं. त्या ओकारीचं नाव कुणी घेतलं नाही.

तिथे त्याचं काम काय, तर पोलादाची कांडी यंत्रात धरायची, वाकवायची, सरळ करायची, पुन्हा वाकवायची, आणि कितव्या खेपेला मोडते ते वहीत लिहायचं. चार वर्षं तो हेच करत होता. श्रीनाथ, म्हणजे वसुधावहिनींचे यजमान, त्याला म्हणायचे, "आत्माराम, हे शिकायला एवढ्या लांब कशाला आलास? लग्न केलं की घरबसल्या कळतं." आत्माराम हसायचा. हसताना तोंडावर हात धरायची त्याला सवय होती.

लग्न केलं होतंच. मालिनी शेजारच्या नवगावची. लहानपणीच आईबाप गेले, मामीकडे वाढली, आणि लग्नानंतर आत्मारामच्या आईलाच आई म्हणायला लागली. बाजारात मासळीच्या टोपलीपुढे उभी राहिली की भल्याभल्या विकणाऱ्या बायका चुळबुळायच्या. कल्ला वर करून बघणार, बोटाने दाबणार, आणि सांगणार, "पहाटेची म्हणतेस? काल दुपारची आहे ही." एकसष्ट साली ती स्टुटगार्टला आली. पहिल्याच आठवड्यात आत्मारामने मोठ्या हौसेने मासळीचं दुकान दाखवलं. काचेमागे बर्फाच्या पांढऱ्या वड्या. डोकं नाही, शेपूट नाही, खवला नाही. मालिनीने एक वडी हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "हा मासा? अहो, हे खोडरबर आहे." वर्षभर ती हा विनोद सगळ्या मराठी घरांत सांगत होती आणि सगळे हसत होते.

बासष्टच्या नोव्हेंबरात तिचं बाळंतपण झालं. सातव्या महिन्यातच. मूल रडलंच नाही. मुलगा होता. इस्पितळात एक फॉर्म्युलार, म्हणजे छापील अर्ज, भरायचा होता; त्यात आईचं नाव, बापाचं नाव, जन्मगाव, धर्म. मुलाच्या नावाच्या रकान्यात नर्सने पट्टी ठेवून एक आडवी रेघ मारली. आत्माराम ती रेघ बघत राहिला. इतकी सरळ रेघ त्याच्या हातून चार वर्षांत कधी उमटली नव्हती.

त्यानंतर मालिनी घरी आली ती खिडकीपाशी बसली. अंगात कोट, डोक्याला रुमाल. चूल पेटवायची म्हणजे गॅसचं बटण फिरवायचं, तेही तिने सोडून दिलं. आत्माराम पाव आणायचा, चहा करायचा. ती पाव चहात बुडवायची आणि बुडवलेला पाव कपातच विरघळायचा. वसुधावहिनी डबे घेऊन यायच्या, तासभर बोलायच्या, एकट्याच. घरी कळवायचं काम आत्मारामचं होतं. "तुम्ही कळवा आईंना," एवढं एकच वाक्य मालिनी त्या आठवड्यात बोलली. आत्मारामने एअर लेटर आणलं, वर तारीख घातली, 'तीर्थरूप आईस' लिहिलं, आणि यंत्रातली कांडी मोडायची वेळ झाली म्हणून उठला. ते पत्र नंतर तसंच राहिलं.

डिसेंबरात स्नेहलता नावाची मराठी डॉक्टरीण घरी येऊन गेली. ती फेब्रुवारीत कायमची परत निघाली होती, जेनोआहून बोट. मालिनीच्या डोळ्यांत बघून ती आत्मारामला जिन्यात म्हणाली, "माझ्याबरोबर पाठवा तिला. चार महिने समुद्राच्या वाऱ्यात बसू दे. मग येईल परत."

"येईल ना?" आत्मारामने विचारलं.

"का नाही येणार?"

सगळे हेच म्हणत होते. हवापालट, हवापालट. पण मालिनी सामान बांधायला बसली तेव्हा तिने ट्रंकेच्या तळाशी पहिल्यांदा ठेवला तो पाटा. वरवंट्यासकट. एकसष्ट साली ती मुंबईहून आली तेव्हा याच पाट्यापायी आत्मारामने बंदरावर हमालाशी वाद घातला होता, आणि याच पाट्यावर ती खोबरं-मिरची वाटत होती. आत्माराम दारात उभा राहून बघत होता. चार महिन्यांच्या हवापालटाला पाटा कोण नेतं?  त्या दिवशी त्याला नीट कळलं की वीस फेब्रुवारीला ही गाडीत बसली की संपलं.

जानेवारीत आईचं पत्र आलं. गुरुजींकडून लिहवून घेतलेलं. 'एव्हाना सूनबाई मोकळी झाली असेल. नाव काय ठेवलं ते कळव. बाळंतिणीला शिळी मासळी देऊ नकोस. ताजी, हातात फडफडणारी दे, तर दूध उतरेल.' दूध नोव्हेंबरातच उतरलं होतं. नर्सने छातीला घट्ट पट्टा बांधून ते थांबवलं होतं. आत्मारामने पत्र चार घड्या करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. त्यातल्या नावाच्या ओळीवर तो काही करू शकत नव्हता. मासळीच्या ओळीवर करता येण्यासारखं होतं. बुडत्या माणसाने समोर येईल ते धरावं, तसं त्याने ते धरलं.

तळमजल्यावर हेर हेफेले, म्हणजे श्रीयुत हेफेले, राहायचा. ट्रामवर तीस वर्षं कंडक्टरकी करून निवृत्त झालेला, बायको गेलेली, उजव्या हाताची दोन बोटं रशियातल्या थंडीत ठेवून आलेला. शहराबाहेरच्या एका तळ्यावर त्याच्या गळवाल्यांच्या मंडळाचा हक्क होता. आत्मारामने जिन्यात त्याला गाठून ताज्या माशाची चौकशी केली.

हेफेलेचे डोळे चमकले. "हेर टांडेल, तुम्ही तर समुद्रावरचे! वडील मच्छीमार ना?"

"जा," आत्माराम म्हणाला. जर्मनमधलं हो. खोटंही नव्हतं.

"मग तुम्हाला मी काय शिकवणार? रविवारी सहाला तयार राहा. पाहुण्याचं कार्ड मी काढतो. पण चौदा फेब्रुवारीपर्यंतच हं. पंधरापासून बंदी."

त्या वर्षी थंडी अशी होती की बोडन्झेसारखं अवाढव्य सरोवरच्या सरोवर गोठलं आणि माणसं त्यावरून चालत पलीकडच्या देशात गेली. हेफेलेच्या तळ्याचा तर दगडच झाला होता. ट्रामने शेवटपर्यंत जायचं, तिथून अर्धा तास बर्फातून चालायचं, कुऱ्हाडीने आणि पहारीने बादलीएवढं भोक पाडायचं, आणि मग उलट्या पेटीवर बसायचं. मासा कोणता, तर हेख्त. लांब थोबाड, बदकासारखी चपटी चोच, आणि त्यात खिळ्यांसारखे दात. हेफेलेचं म्हणणं असं, की हा मेलेल्याला तोंड लावत नाही. त्याला हलतं लागतं. म्हणून जिवंत बारका मासा पाठीच्या कातडीत गळ टोचून सोडायचा, वर बूच तरंगत ठेवायचं, आणि बूच बुडायची वाट बघायची.

पहिल्या रविवारी हेफेलेने डब्यातून एक मासा काढून आत्मारामच्या हातात ठेवला. ओला, गार, वळवळता. आत्मारामच्या अंगावर काटा आला, मुठीतून मासा निसटला आणि बर्फावर उड्या मारत राहिला. "हातमोज्यांमुळे," आत्माराम म्हणाला. दुसऱ्या रविवारी हातमोजे नव्हते, तेव्हा म्हणाला, "बोटं आखडली."

तिसऱ्या रविवारी हेफेलेने आपल्या आठ बोटांनी मासा टोचून दिला आणि विचारलं, "हेर टांडेल, तुमच्याकडे हे काम नोकर करतात का?"

"जा," आत्माराम म्हणाला, आणि मग ते त्याला इतकं लागलं की त्याने सगळं खरं सांगून टाकलं. होडी, ओकारी, शाळा. मूल. ट्रंकेतला पाटा. जर्मनमध्ये सांगितलं म्हणून सांगता आलं. मराठीत एकाही माणसाला त्याने हे सांगितलं नव्हतं.

हेफेलेने भोकावर धरलेली बर्फाची साय बोटाने फोडली. मग म्हणाला, "आल्झो. असं आहे तर. मग एक तरी धरायलाच हवा."

तिन्ही रविवारी बूच हललं नाही.

आमिषाचे मासे हेफेलेने शरदातच धरून तळघरातल्या टबात ठेवले होते. आता तळं गोठल्यावर नवे मिळणार नव्हते; उरले होते ते सात. त्यांचं पाणी रोज अर्धं बदलायचं काम त्याने आत्मारामला दिलं. आणि मंगळवारी, तिसऱ्या मजल्याच्या कपड्यांच्या पाळीला, अडीच महिन्यांत पहिल्यांदा मालिनी स्वतःहून चादरींचं बोचकं घेऊन खाली उतरली. आत्माराम संध्याकाळी आला तेव्हा ती घरात नाही, म्हणून धावत तळघरात गेला. ती उलट्या बादलीवर बसली होती. चादरी कोरड्याच होत्या.

"कुणाचे?" तिने विचारलं.

"हेर हेफेलेंचे. आमिषाचे."

"काय घालता खायला?"

"पावाचा चुरा."

"पाव काय खातील ते? आपण खातो का?" मालिनी म्हणाली. "वसुधावहिनींनी पोहे दिलेत ना, ते आणा. मूठभर. आणि चुरडून."

आत्माराम चार जिने एका दमात चढला.  कारण अडीच महिन्यांत तिने पहिल्यांदा कुणाच्या तरी खाण्याचं नाव काढलं होतं.

मग ती रोज खाली जाऊ लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईने टबाकडे वाकून पुटपुटणारी मालिनी बघितली आणि साप तिथेच जन्मला. पण कुणी असं समजू नये की मालिनीला त्या माशांचा लळा लागून ती हळवी झाली होती. कोळ्याची पोर ती. आत्मारामने भीत भीत सांगितलं, की रविवारी शेवटचा दिवस, आणि यातले दोन तरी लागणार, तर ती वाकून बघत म्हणाली, "हा घ्या, आणि तो, कल्ल्याजवळ काळा ठिपका असलेला. ते दोघे दमदार आहेत. बाकीचे पाण्यात गेले की गपगार होतील. अहो, आमिष मेल्यासारखं पडलं तर मोठा कशाला येईल?" आत्माराम तिच्या तोंडाकडे बघत राहिला. हेफेलेचा सगळा मंत्र ती एका नजरेत सांगून मोकळी झाली होती. त्या आठवड्यात ती अर्धी भाकरी जेवली. वसुधावहिनींनी गुरुवारी येऊन बघितलं आणि जिना उतरताना श्रीनाथना म्हणाल्या, "बोटीचं तिकीट परत करता येतं का हो?"

गुरुवारीच इमारतीतले नळ गोठले. वरच्या मजल्यांना थोडं थोडं पाणी होतं, तळघरातला नळ मात्र कोरडा. दोन दिवस टबातलं पाणी बदललं गेलं नाही आणि शुक्रवारी मासे वर येऊन तोंडं उघडी टाकू लागले. आत्माराम युनिव्हर्सिटीत होता. मालिनी एकटी होती. तिने बघितलं, पाण्यात बोट घातलं, बोट जिभेला लावलं. गोडं! या पाण्याला चवच नाही! जिवंत मासा तिने आयुष्यात बघितला तो खाऱ्या पाण्यातला. खाडीतला, समुद्रातला, जाळ्यातला. यांना इतके दिवस गोड्या पाण्यात डांबून ठेवलंय, मग दम धरणार कसा? ती वर गेली आणि मिठाचा एक किलोचा नवा पुडा घेऊन आली. सगळा ओतला. बाही वर सारून कोपरापर्यंत हात घालून पाणी ढवळलं, चव बघितली, समुद्राएवढी झाली तेव्हा थांबली. मग वर जाऊन तिने स्वतःहून भात टाकला.

शनिवारी सकाळी सहा मासे पाठीवर तरंगत होते. काळ्या ठिपक्याचा तेवढा तळाशी कल्ले हलवत होता. आत्मारामने त्याला वाडग्यात काढून केटलीतल्या गार पाण्यात टाकलं. हेफेले दारात येऊन उभा राहिला. त्याने पाण्यात बोट बुडवून चाखलं, मालिनीकडे बघितलं आणि टोपी काढून आपल्या खोलीत निघून गेला.

मालिनी भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती.

"माझ्या हातात काही जगत नाही," ती म्हणाली.

त्या वेळी आत्मारामने काही बोलायला हवं होतं. काहीही. अगं, तुला काय माहीत. अगं, ते मासेच होते. नाहीतर नुसता पुढे होऊन हात धरला असता. तो बादली घेऊन उभा होता. त्याच्या तोंडून बाहेर पडलं ते असं:

"टब धुवायला हवा. सोमवारी दुसऱ्या मजल्याची पाळी आहे."

मालिनीने मान हलवली. टब तिनेच धुतला.

रविवार, दहा फेब्रुवारी. सकाळचं ऊन बर्फावरून डोळ्यांत घुसत होतं. केटलीत एक मासा. आत्मारामने तो स्वतः उचलला, पाठीच्या कातडीत स्वतः गळ टोचला, आणि पोटातलं सगळं वर आलं तरी ओठ घट्ट मिटून भोकात सोडला. हेफेले बघत होता. "गेनाऊ," एवढंच म्हणाला. अगदी बरोबर.

दहा वाजता बूच एकदा थरथरलं. मग आडवं सरकलं. मग नाहीसं झालं.

पुढची दहा मिनिटं आत्माराम तांडेल काय करत होता, हे त्याला नंतर सांगता आलं नाही. गळाचा तंगूस हातात कापत गेला, काठी भोकाच्या कडेवर वाजत राहिली, हेफेले शेजारी पोटावर झोपून ओरडत होता, "द्या! द्या! आता ओढा! आता द्या!" आणि अखेर हिरवट, पिवळ्या ठिपक्यांचा, हातभर लांबीचा हेख्त बर्फावर येऊन पडला. साडेतीन किलो. हेफेलेने आत्मारामला मिठी मारली. "पेट्री हाइल, हेर टांडेल!" गळवाले एकमेकांचं असं अभिनंदन करतात. त्यावर उत्तर काय द्यायचं ते आत्मारामला माहीत होतं, पण तो बर्फावर बसून हुंदके देत होता.

दुपारी एकला तो घरात शिरला. मालिनी खिडकीपाशी होती. त्याने वर्तमानपत्र उलगडलं. ती उठली. कल्ला वर करून बघितला, अंगठ्याने पाठ दाबली.

"आज दहाचा," ती म्हणाली. "कुणी धरला?"

"मी."

"तुम्ही?" तिने त्याच्याकडे बघितलं. "ओकलात?"

"थोडं. माशाला कळलं नाही."

मालिनी हसली. आवाज न करता, पण हसली. मग तिने कोट काढून खुर्चीवर टाकला, पदर खोचला, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि सुरी मागितली. "खवले बारीक आहेत मेल्याचे. काटेही असणार. तुकडे नकोत, कालवणच करते. खोबरं नाही, पण वहिनींची कोरडी मिरची आहे. अहो, बघताय काय? ट्रंकेतून पाटा काढा!"

आत्माराम आतल्या खोलीत धावला. साड्या, शाली, कपड्यांच्या घड्या सगळं भराभर पलंगावर फेकलं. तळातून पाटा उचलताना बोट चेमटलं, तरी त्याला ते जाणवलं नाही. पाटा छातीशी धरून तो स्वयंपाकघरात आला तेव्हा मालिनीने माशाचं पोट चिरलं होतं. आणि पोटातून, दोन्ही बाजूंनी, पिवळ्या-केशरी अंड्यांच्या दोन जाड पिशव्या कागदावर ओघळल्या होत्या. पंधरापासून बंदी कशासाठी असते, ते आता समोर होतं.

थळच्या कुठल्याही घरात माशाच्या पोटात अशी गाबोळी निघाली की ओरडून सगळ्या घराला सांगतात. आत्मारामच्या तोंडून तेच निघालं. विचार करायला त्याला सवडच झाली नाही.

"गाबोळी! मालू, केवढी गाबोळी गं!"

सुरी थांबली. मालिनी कागदाकडे बघत राहिली. पाटा हातात जड होत चालला, तरी आत्मारामला तो खाली ठेवता येईना. मग तिने सुरी पुसून बाजूला ठेवली, वर्तमानपत्राची चारही टोकं उचलून त्या माशावर दुमडली, आणि हात धुवायला उठली. साबण लावून धुतले. पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले.

"पाटा आत ठेवा," ती म्हणाली.

त्याने ठेवला.

"आईंना कळवलंत?"

आत्मारामने पलंगावरची एक शाल उचलून घडी घातली.

"तीन महिने झाले," मालिनी म्हणाली. "मी जाईन तेव्हा त्या दारात भाकरतुकडा घेऊन ओवाळायला उभ्या असतील. बाळ कुठाय म्हणतील. तेव्हा मी काय सांगू? तुम्ही सांगा, मी पाठ करते."

"लिहितो," आत्माराम म्हणाला.

"तुमचं पत्र माझ्या मागूनच पोचेल," ती म्हणाली आणि कोट अंगात घातला.

मासा हेफेलेकडे गेला. त्याने तो तीन दिवस खाल्ला आणि धुतलेलं ताट दाराशी ठेवून गेला. घंटी वाजवली नाही.

वीस तारखेला स्टेशनवर चौघंच होती. स्नेहलता डब्यात सामान लावत होती. वसुधावहिनींनी मालिनीच्या हातात थर्मास दिला, शाल नीट केली. मालिनी आत्मारामला म्हणाली, "तुमचे लोकरी मोजे कपाटात खालच्या खणात आहेत." गाडी सुटली तेव्हा ती खिडकीत आली नाही. स्नेहलतानेच हात हलवला.

मे महिन्यात पत्र आलं, मालिनीच्या स्वतःच्या अक्षरात. चौथीपर्यंत शिकलेली ती. अक्षर टपोरं होतं. आईंची तब्येत बरी आहे. मी आता बाजारात मासळी घेऊन बसते. तिकडे मला थंडी सोसत नाही. तुम्ही परीक्षा पुरी करा. बाळाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं, आणि परत येण्याबद्दलही नव्हतं. आत्मारामने त्या वर्षी डॉक्टरेट पुरी केली. पोलादाची ती कांडी नेमकी कितव्या खेपेला मोडते, हे त्याला आता जगात कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. प्रोफेसरांनी शाबासकी दिली. कारखान्यात जागा मिळाली. आईला पत्र मात्र त्याने त्यानंतरही वर्षभर लिहिलं नाही. पैसे पाठवायचा, मागे दोन ओळी.

पुढच्या डिसेंबरात वसुधावहिनींनी त्याला जेवायला बोलावलं. पिठलं होतं, भात होता, लोणचं होतं. श्रीनाथ जरा वेळ कारखान्याच्या गप्पा मारत बसले आणि सिगरेट आणायला खाली गेले. वहिनींना इतके दिवस जे बोलायचं होतं, ते त्यांनी तेवढ्यात बोलून टाकलं.

"भावजी, एक विचारू? रागावू नका. ते चार रविवार तुम्ही तळ्यावर काढलेत. थंडीत, बर्फात, कोणा परक्या म्हाताऱ्याबरोबर. त्याऐवजी घरात, तिच्या शेजारी नुसते बसला असतात, तर ती गेली असती का?"

आत्मारामने ताटातला भात एका बाजूला केला.

"वहिनी," तो म्हणाला, "तिच्या शेजारी बसायची हिंमत असती, तर मी तळ्यावर कशाला गेलो असतो?"